तह करताना हात आखडता घ्या

या वेळच्या पत्रांपैकी बहुतेक सगळी ‘युरोपा युनिव्हर्सालिस फोर’ या गेमबद्दलची आहेत. स्टॉकहोमच्या पॅरॅडॉक्सनं २०१३ मध्ये आणलेला हा गेम ११ नोव्हेंबर १४४४ या दिवशी सुरू होतो. आदल्या दिवशी वार्नाच्या रणांगणावर ऑटोमन सुलतान दुसऱ्या मुरादच्या फौजेनं पोलंड-हंगेरीच्या तरुण राजाला मारलेलं असतं. तिथपासून १८२१ पर्यंत जगातलं जवळपास कुठलंही राज्य तुम्ही चालवू शकता. पत्रांतले प्रश्न वेगवेगळे असले तरी बरेचसे एकाच जागी येऊन अडतात: युद्ध जिंकलं, पुढे काय? म्हणून सुरुवात त्याच पत्रापासून करतो.

*

विजयनगर घेऊन खेळतोय. पहिल्याच चढाईत बहामनींचा पूर्ण पराभव केला. वॉर स्कोअर शंभर झाला, तेव्हा तहात जेवढं बसलं तेवढं सगळं घेतलं. थोड्याच वर्षांत गुजरात, माळवा आणि खानदेश एकत्र येऊन अंगावर आले. त्यांच्यातल्या प्रत्येकापेक्षा माझी फौज मोठी होती, तरी राज्य गेलं. लढाईत माझं कुठे चुकलं?
— एक वाचक, सोलापूर

लढाईत तुमचं काही चुकलेलं नाही. राज्य गेलं ते तहाच्या पडद्यावर, आणि तेही तुम्ही जिंकलात त्याच दिवशी.

तुम्ही तहात प्रांत मागता तेव्हा आजूबाजूच्या प्रत्येक राज्याच्या मनात तुमच्याबद्दलची धास्ती वाढते. गेममध्ये तिला ‘ॲग्रेसिव्ह एक्स्पान्शन’ म्हणतात, खेळणारे नुसतं ‘एई’ म्हणतात. प्रांत जितका विकसित तितकी ती जास्त. हरलेल्या राज्याचा धर्म आणि संस्कृती ज्यांची आहे त्यांच्यात ती अधिक भडकते, दूरच्यांपर्यंत कमी पोचते. तुम्ही बहामनींना लुटलंत, पण घाबरले ते गुजरात, माळवा आणि खानदेश. तिघंही सुन्नी सुलतान, तिघंही तुमच्या नव्या सरहद्दीच्या टप्प्यात. एखाद्याच्या मनात ही धास्ती पन्नासच्या वर गेली आणि त्याचं तुमच्याबद्दलचं एकूण मतही वाईट असलं, की तो तुमच्याविरुद्धच्या आघाडीत जाऊ शकतो. ती ओसरते वर्षाला साधारण दोन या गतीनं. म्हणजे एका दुपारी घेतलेले पन्नास गुण उतरायला पंचवीस वर्षं लागतात.

पुढच्या वेळी तहाचा पडदा उघडलात की घाई करू नका. एक प्रांत निवडा आणि एई दाखवणाऱ्या जागी माउस धरून थांबा. कोणत्या राज्यात किती धास्ती वाढणार याची अख्खी यादी समोर येते. दुसरा प्रांत निवडा, पुन्हा यादी पाहा. आकडे चढत जातील आणि एका प्रांतापाशी माळवा किंवा गुजरात पन्नासची रेघ ओलांडेल. तुमचा तह त्या प्रांताच्या आधी संपला पाहिजे, मग वॉर स्कोअर कितीही शिल्लक असो. उरलेल्या स्कोअरमध्ये जमीन सोडून बाकी सगळं मागा. रोख रक्कम घ्या. दहा वर्षं त्यांच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा तुमच्याकडे येईल अशी नुकसानभरपाई लावा. त्यांचे दुसऱ्यांशी असलेले करार मोडायला लावा, म्हणजे पुढच्या चढाईत ते एकटे पडतील. या गोष्टींनी शेजारी बिथरत नाहीत.

नेमकं हेच सोळाव्या शतकात, याच मुलखात घडलं, म्हणून तुमचं पत्र मला फार मोलाचं वाटलं. विजयनगरचा खरा कारभारी रामराय याच्या हाती सुमारे दोन दशकं दख्खनच्या राजकारणाची दोरी होती. बहामनी राज्य फुटून झालेल्या शाह्यांना तो एकमेकांवर घालायचा. आज आदिलशाहीला मदत करून निजामशाहीवर चाल, उद्या उलट. प्रत्येक वेळी जिंकणाऱ्या बाजूला तोच असायचा आणि प्रत्येक वेळी हरणाऱ्याला मानहानी पत्करावी लागायची. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाला त्यानं कल्याणीचा किल्ला सोडायला लावला. त्याच्या दृष्टीनं हे सगळं चोख चाललं होतं. कारण चारही सुलतान एकत्र येतील हे कुणाला खरं वाटलं नसतं. विजापूर आणि अहमदनगर यांच्यात तर सोलापूरच्या किल्ल्यावरून पिढीजात वैर.

ते वैर सोयरिकीनं मिटवलं गेलं. हुसेन निजामशहाची मुलगी चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली आणि सोलापूर आंदण म्हणून दिलं. अलीची बहीण निजामशहाच्या मुलाच्या घरात गेली. विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा आणि बिदर एका झेंड्याखाली आले आणि जानेवारी १५६५ मध्ये राक्षसतागडीच्या, म्हणजे तालिकोटच्या लढाईत रामराय मारला गेला. त्यानंतर विजयनगर शहराची जी दैना झाली ती हंपीत आजही दिसते. तुम्ही सोलापूरचे आहात. त्या आघाडीची किंमत तुमच्या गावातल्या भुईकोटानं मोजली गेली होती.

आता उपाय. वकील कामाला लावायचे ते तह झाल्यावर नव्हे, युद्ध चालू असतानाच. गुजरात आणि माळव्याकडे एकेक वकील पाठवून संबंध सुधारत ठेवा. धास्ती पन्नासच्या वर गेली तरी मत एकूण चांगलं असेल तर ते आघाडीत जात नाहीत. दुसरी युक्ती युद्धबंदीची. ज्याच्याशी तुमची युद्धबंदी चालू आहे तो आघाडीत येऊच शकत नाही. म्हणून जाणते खेळाडू एकाच दिशेनं न जाता दिशा बदलत जातात: एकदा उत्तरेला बहामनी, मग पूर्वेला ओडिशा, तेवढ्यात उत्तरेची धास्ती थोडी ओसरते. आणि आघाडी बनलीच तर तिच्यावर चालून जाऊ नका. आपण भारी आहोत असं वाटल्याशिवाय ती सहसा हल्ला करत नाही. एखादा बलाढ्य मित्र जोडा, फौज पूर्ण ठेवा आणि गप्प बसा. आघाड्या आपोआप विरघळतात.

*

मांडलिक राज्यं ठेवण्यात अर्थ काय? सरळ जिंकून घेतलेलं बरं ना? शिवाय माझे मांडलिक नेहमी उलटतात.
— एक वाचक, नागपूर

सरळ जिंकलेला प्रांत तुमचा होतो तो नकाशावर. कारभारात तो तुमचा व्हायला त्यावर ‘कोअर’ करावा लागतो. त्याला ॲडमिन पॉइंट लागतात, विकासाच्या दर एककाला मुळात दहा, आणि वेळ लागतो तीनेक वर्षं. तोवर तो अतिविस्ताराच्या खात्यात मोडतो. ते खातं शंभर टक्क्यांवर गेलं की बंडं आणि नुकसानीच्या घटना यांची रांग लागते. राजा प्रशासनात कच्चा असेल तर ॲडमिन पॉइंट कायम तोकडे पडतात. मांडलिकाला दिलेला मुलूख मात्र तो स्वतःच्या पॉइंटवर सांभाळतो. दहा वर्षांनी, संबंध १९० च्या वर असतील तर, तुम्ही डिप्लोमॅटिक पॉइंट खर्चून त्याला शांतपणे विलीन करता. युद्ध नाही, कोअरचा खर्च नाही.

मांडलिकाचा खरा उपयोग मात्र याहून मोठा आहे. समजा तुम्ही हंगेरी आहात आणि समोर ऑटोमन. त्यांच्या पोटात बल्गेरियाचे जुने कोअर असलेले प्रांत आहेत. पहिल्या युद्धात तसा एकच प्रांत घ्या, त्यावर बल्गेरियाचं राज्य मांडलिक म्हणून उभं करा. पुढचं युद्ध तुम्ही बल्गेरियाचा गेलेला मुलूख परत मिळवायला लढता आणि अशा युद्धात धास्ती नेहमीच्या मानानं अगदी थोडी वाढते. जगाच्या नजरेत तुम्ही परक्याचं घेतलेलं नसतं, धन्याला त्याचं परत दिलेलं असतं.

उलटण्याबद्दल. मांडलिकाची ‘लिबर्टी डिझायर’ पन्नास टक्क्यांच्या वर गेली की तो तुमचं ऐकेनासा होतो. गेम हे मोजताना एकेका मांडलिकाचं बळ पाहून थांबत नाही. सगळ्या मांडलिकांचं मिळून बळ तुमच्या तुलनेत किती, हेही धरतो. तुम्ही बहुधा दोन-तीन मोठे मांडलिक पोसले आणि स्वतःची फौज लहान ठेवली. पुण्याच्या गादीचं शेवटी हेच झालं. अठराव्या शतकाच्या अखेरीस शिंदे आणि होळकर यांचं लष्करी बळ पेशव्याच्या स्वतःच्या बळापेक्षा किती तरी मोठं होतं. ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरला यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या एकत्रित फौजेचा पराभव केला, दुसरा बाजीराव पळाला आणि वर्ष संपता संपता वसईला त्यानं इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. मांडलिक अनेक ठेवा, पण लहान ठेवा. मोठ्या झालेल्यांना वेळेवर विलीन करा.

*

युद्ध हरणार हे दिसत असतानाही शेवटपर्यंत लढावं का? तह करायला मन होत नाही.
— एक वाचक, कोल्हापूर

मन होत नाही हे समजू शकतो, पण लवकर करा. वॉर स्कोअर उणे वीस असताना शत्रू एखादा सीमेवरचा प्रांत आणि थोडे पैसे घेऊन गप्प बसतो. तो उणे ऐंशी होईपर्यंत थांबलात तर तोपर्यंत राजधानी पडलेली असते, मनुष्यबळ संपलेलं असतं, कर्ज डोक्यावर असतं, युद्धाचा थकवा वाढून प्रजा बंड करते. मग तो मागेल ते द्यावं लागतं.

१६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंगानं पुरंदरला वेढा घातला, तेव्हा शिवाजी महाराजांनी पुरंदरचा तह केला. पस्तीस किल्ल्यांपैकी तेवीस दिले, बारा ठेवले. कागदावर हा दारुण तह आहे. पण राज्याचा गाभा शाबूत राहिला, फौज शाबूत राहिली. पाच वर्षांनी, १६७० मध्ये, सिंहगडापासून सुरुवात करून दिलेले किल्ले एकामागून एक परत येऊ लागले. गेममध्येही तहानंतरची युद्धबंदी पाच ते पंधरा वर्षं टिकते. जेवढी मोठी हार तेवढी लांब बंदी. ही बंदी तुमचं संरक्षण आहे. तेवढ्या काळात कर्ज फेडा, मनुष्यबळ भरा, आणि ज्याला ते प्रांत मिळाले त्याच्या शत्रूंशी मैत्री करा. गेलेल्या प्रांतांवर तुमचा कोअर अजून आहे हे लक्षात ठेवा. परत घेताना खर्च कमी, धास्तीही कमी.

*

शत्रूची फौज वीस हजार, माझी तीस हजार. तरी हरलो. गेम फसवतो का?
— एक वाचक, पणजी

फसवत नाही. पत्रासोबतच्या चित्रात तुम्ही नदी ओलांडून डोंगराळ प्रांतात चाल केलेली दिसते. डोंगरासाठी हल्लेखोराच्या फाशातून दोन वजा होतात, नदीसाठी आणखी एक. फासा शून्य ते नऊ पडतो, म्हणजे तीनचं ओझं घेऊन तुम्ही उतरलात. त्यात शत्रूचा सेनापती बरा असेल किंवा लष्करी तंत्रज्ञानात तो एक पायरी पुढे असेल, तर दहा हजार जास्त माणसं कामाला येत नाहीत. सगळी माणसं एका वेळी आघाडीवर उभीही राहू शकत नाहीत. त्यापेक्षा मागच्या प्रांतात थांबून त्याला तुमच्या डोंगरावर येऊ द्या.

दुसरं असं की प्रत्येक प्रांत ठरावीक फौजच पोसू शकतो. त्याच्या वरची फौज रसदीअभावी झिजते, आणि शत्रूच्या मुलखात अडकली तर लढाईविना निम्मी होते. ही झीज शत्रूवर लादायला शिका. १७२८ मध्ये पालखेडला पहिल्या बाजीरावानं निजामाशी मोठी लढाई न करता त्याला आपल्यामागे धावायला लावलं. जड तोफखाना मागे राहिला, आणि निजामाची फौज पाण्याला आणि दाण्याला महाग झाल्यावर त्याला कोंडलं. मुंगी-शेवगावच्या तहात बाजीरावानं काय मागितलं तेही पाहा. निजामाचा मुलूख गिळायचा सोडून त्यानं चौथाई-सरदेशमुखीचा हक्क आणि शाहू महाराजांच्या सत्तेची मान्यता घेतली. सोलापूरच्या वाचकांनी हा तह आवर्जून वाचावा.

*

कारण नसताना युद्ध पुकारलं तर काय होतं?
— एक वाचक, ठाणे

स्थैर्य दोननं घसरतं. युद्धबंदी मोडून पुकारलंत तर पाचनं, आणि एकूण पट्टी अधिक तीन ते उणे तीन एवढीच आहे, म्हणजे तळ गाठलात. त्यापेक्षा शेजारी हेरांचं जाळं उभारा आणि एखाद्या प्रांतावर हक्क तयार करा. तो पंचवीस वर्षं टिकतो, आणि त्या प्रांतावर कोअर करणंही थोडं स्वस्त पडतं. एक हेर नेहमी पुढच्या शत्रूच्या घरात असू द्या.

*

माझा मुलगा दहावीत आहे. जेवताना तो सहज म्हणतो, ‘आज बंगाल घेतला, दिल्ली जाळली.’ हे ऐकून मला अस्वस्थ वाटतं. युद्ध म्हणजे खेळच, असं तर त्याच्या मनात बसणार नाही ना?
— एक आई, संभाजीनगर

ताई, तुमची अस्वस्थता रास्त आहे आणि ती त्याच्यापर्यंत पोचली पाहिजे. या गेममध्ये उद्ध्वस्त झालेला प्रांत म्हणजे एक टक्केवारी असते. फौज निघून गेली की ती हळूहळू शून्यावर येते. तुमच्याच भागात १६३० ते १६३२ या काळात काय झालं ते त्याला सांगा. शाहजहानची फौज निजामशाही बुडवायला दख्खनेत उतरली होती, बादशहाचा मुक्काम बुऱ्हाणपुरात होता, आणि त्याच वेळी पाऊस गेला. गुजरात आणि दख्खनेत असा दुष्काळ पडला की गावंच्या गावं ओस पडली. लष्करानं धान्य ओढून नेलेल्या मुलखात दुष्काळ अधिक खोल जातो. हे कुठल्याही नकाशावर रंगानं दाखवता येत नाही.

गेम बंद करा असं मी सांगणार नाही. या गेममुळे अनेक मुलांना पहिल्यांदा कळतं की जौनपूर नावाचं एक बलाढ्य राज्य होतं, की ऑटोमन सुलतान आणि विजयनगरचा दुसरा देवराय एकाच काळातले. परीक्षेच्या वर्षात वेळेची मर्यादा तुम्हीच घाला, ते तुमचं काम आहे. पण सुट्टीत त्याला देवगिरीवर घेऊन जा, जमल्यास बिदरला महमूद गवानचा मदरसा दाखवा. बहामनींचा हा वजीर विद्वान होता, त्यानं हा मदरसा १४७२ च्या सुमारास बांधला, आणि १४८१ मध्ये दरबारातल्या कारस्थानातून सुलतानानं त्याला मारलं. त्यानंतर बहामनी राज्य सावरलं नाही. मुलाला ज्या नावांवर क्लिक करायची सवय आहे, ती नावं दगडात पाहिली की तो आपणहून प्रश्न विचारू लागेल. त्यानं मला पत्र लिहिलं तर मी जरूर उत्तर देईन.

*

नवीन आहे. कोणत्या राज्यापासून सुरुवात करू?
— एक वाचक, बडोदे

ऑटोमनपासून. फौज भक्कम आहे, पैसा आहे, आणि शेजारी बायझंटियमजवळ कॉन्स्टँटिनोपल आणि दक्षिण ग्रीसचा तुकडा एवढंच उरलेलं आहे. पहिल्या युद्धात वेढा, नाकेबंदी आणि तह या तिन्ही गोष्टी शिकून होतात. दख्खन आपला म्हणून जिव्हाळ्याचा आहे, पण विजयनगर किंवा बहामनी घ्यायच्या आधी एक अख्खा डाव ऑटोमनचा खेळा आणि तहाच्या पडद्यावरची ती यादी वाचायची सवय लावा.

सगळ्यांना एक विनंती. प्रश्न पाठवताना राज्य, साल, तुमचे आणि शत्रूचे मित्र, आणि तहात नेमकं काय घेतलं हे लिहा. लढाईचं वर्णन थोडक्यात चालेल. तहाच्या पडद्याचं चित्र मात्र सोबत जोडाच, त्याशिवाय नेमकं उत्तर देता येत नाही.